नाणेप्रदर्शनाला पहिल्यांदा जाताना

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला नाणेप्रदर्शनाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की आधी कानावर येते ती खळखळ. हॉलभर कुठे ना कुठे कुणीतरी नाणी चाळत असतं. पुण्यात कर्वे रस्त्यावरचा सोनल हॉल, मुंबईत कफ परेडचं वर्ल्ड ट्रेड सेंटर अशा ठिकाणी ही प्रदर्शनं भरतात, बहुधा शुक्रवार ते रविवार. लांबच लांब टेबलं, त्यांवर काचेच्या पेट्या, अल्बम, ट्रे आणि मधूनच नुसता ओतून ठेवलेला तांब्याचा ढीग. टेबलापलीकडे गुजरात-राजस्थानपासून हैदराबादपर्यंत कुठूनकुठून आलेले व्यापारी, अलीकडे खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं. नवीन माणूस इथे गांगरतो. मग तो एक तर पहिल्या अर्ध्या तासात खिसा रिकामा करतो, नाही तर दोन फेऱ्या मारून काहीच न विचारता घरी जातो.

मी पहिल्या प्रकारातली. वीस वर्षांपूर्वी पहिल्याच टेबलावर मला व्हिक्टोरिया राणीचा एक लखलखीत रुपया दिसला आणि भाव न करता मी तो घेतला. दुपारी एका जुन्या संग्राहक काकांना कौतुकाने दाखवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला आणि हळूच सांगितलं, "ताई, हा पॉलिश केलाय. केसांच्या रेघा बघा, गेल्यात सगळ्या." त्यांनी मग खिशातून स्वतःचा एक काळपट रुपया काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. त्या काळपट रुपयावर राणीच्या केसांची बट न् बट दिसत होती. त्या पाच मिनिटांत जे शिकले ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हा लेख लिहिते आहे. पहिल्या भेटीत नाणी किती घेतली याला महत्त्व नाही, नजर किती तयार झाली याला आहे.

घरून निघण्याआधी

आधी घरातला डबा उघडा. बहुतेक मराठी घरांत असा एक डबा असतोच, आजीच्या ट्रंकेत किंवा देवघराच्या फडताळात. त्यात भोकाचा तांब्याचा पैसा निघेल, १९४३ ते १९४७ या काळातला. आणे निघतील, नये पैसे निघतील. ते ओळखायला जुना हिशोब पाठ हवा: एक रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० नये पैसे झाले. 'नये' हा शब्द १९६४ मध्ये गळला. एवढं माहीत असलं तरी डब्यातला अर्धा ऐवज तुम्हाला स्वतःलाच लावता येतो.

मग एक विषय ठरवा. "मला जुनी नाणी हवीत" असं म्हणत गेलात तर समोरचा माणूस त्याच्याकडे जे पडून आहे ते दाखवणार. विषय छोटा असला तरी चालतो. स्वतंत्र भारताची एक रुपयाची नाणी टाकसाळीप्रमाणे जमवणं हा सर्वांत स्वस्त आणि शिकवणारा विषय आहे. सालाच्या खाली बघायचं: मुंबईच्या टाकसाळीची पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि खाली काहीच नसेल तर कोलकाता. शाळकरी मुलं यात अक्षरशः रमतात. महाराष्ट्राशी नातं असलेली स्मारक नाणी हा दुसरा विषय: १९९९ सालचं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, त्याच वर्षीचा ज्ञानेश्वरांचा रुपया, पुढे तुकाराम महाराज, लोकमान्य टिळक. नोटांची आवड असेल तर चिंतामणराव देशमुखांच्या सहीच्या नोटा शोधा. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. राजा सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली आपल्या माणसाची सही असलेली ती नोट हातात घेतली की वेगळंच वाटतं.

माझं मन मात्र शिवराईत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यात आहे, आणि पुढे मी तिच्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

पिशवीत काय हवं

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. सोनार वापरतात तेच. मोबाइलचा कॅमेरा झूम करून भागत नाही, कारण त्याने प्रकाश फिरवून बघता येत नाही. दुसरं, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा. तिसरं, छोटं लोहचुंबक. चौथी वही, ज्यात तुमच्याकडे काय आहे आणि काय हवं आहे याची यादी असेल. एकच साल दोनदा घेऊन आलेले लोक मी दर वर्षी बघते. पाचवं, रोख पैसे, शक्यतो शंभर-दोनशेच्या नोटांत. ऑनलाइन पैसे सगळेच घेतात, पण गर्दीच्या हॉलमध्ये नेटवर्क ऐन वेळी दगा देतं. किती खर्च करायचा तो आकडा घरीच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पाठीवर फुगलेली सॅक नको. टेबलांमधली वाट अरुंद असते, वळताना कुणाचा ट्रे पडला तर सगळ्यांचा दिवस खराब होतो.

कोणत्या दिवशी जावं

शुक्रवारी सकाळी व्यापारी आपसांत सौदे करतात आणि जुने संग्राहक चांगला माल उचलतात. नवीन माणसाला याचं वाईट वाटायचं कारण नाही, तो माल पहिल्या दिवशी आपल्यासाठी नसतोच. शुक्रवारी दुपारनंतर मात्र गर्दी कमी असते, व्यापाऱ्याला बोलायला वेळ असतो. शिकायला हीच वेळ सर्वांत चांगली. रविवारी संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की भाव थोडे सैल होतात, माल परत न्यायचा कंटाळा असतो. जमलं तर दोनदा जा: शुक्रवारी बघायला, रविवारी घ्यायला. एकच दिवस जमणार असेल तर दुपारच्या जेवणापर्यंत काही घ्यायचं नाही एवढं मनाशी पक्कं करा.

पहिली फेरी

पहिली फेरी हात मागे बांधून. सगळ्या टेबलांवरून जायचं, कुणाकडे काय आहे ते वहीत टिपायचं आणि एकाच प्रकारच्या नाण्याचा भाव तीन-चार ठिकाणी विचारायचा. तुम्हाला चकित करणारी तफावत दिसेल. त्याला दर वेळी फसवणूक समजू नका. नाण्याची अवस्था वेगळी असते, कुणी कितीला उचललंय तेही वेगळं असतं.

विक्रीची टेबलं बघून झाल्यावर लोक घाईने बाहेर पडतात आणि भिंतीकडेचे फलक राहून जातात. अनेक प्रदर्शनांत संग्राहकांनी आपापले संग्रह चौकटींत मांडलेले असतात. तिथे विक्री नसते, म्हणून बोलणं मोकळं असतं. फलकाजवळ उभ्या असलेल्या माणसाला "हे तुम्ही मांडलंय का?" एवढंच विचारा. मी एकदा असाच सातवाहनांचा फलक बघत होते. मांडणाऱ्या आजोबांनी जोगळटेंभीची हकीकत सांगायला घेतली. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा खाली, जिंकणाऱ्याची चिन्हं वर. आजोबांनी भिंगातून एका नाण्यावर नहपानाचं नाक दाखवलं, वरच्या ठशाखालून डोकावणारं. इतिहासाच्या पुस्तकातली ओळ आणि हे नाक यांत जे अंतर आहे ते प्रदर्शनात गेल्याशिवाय भरून निघत नाही.

नाणं हातात घेताना

आधी विचारायचं. "दादा, हे बघू का?" एवढं पुरे. नाणं नेहमी कडेने धरायचं, अंगठा आणि तर्जनीमध्ये, आणि टेबलाच्या वरच धरायचं, म्हणजे निसटलं तरी मऊ कापडावर पडेल. पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. घामाचा डाग चकचकीत नाण्यावर काही दिवसांनी उमटतो आणि मग जात नाही. नाणं टेबलावर आपटून आवाज ऐकायची पद्धत जुन्या पेढीवर असेल, इथे ते कुणालाही आवडत नाही. होल्डरमधलं, म्हणजे नाणं ठेवायच्या पाकिटातलं, नाणं बाहेर काढायचं असेल तर व्यापाऱ्यालाच काढू द्या. एक बघून परत दिल्याशिवाय दुसरं मागू नका.

शेजारी कुणाचा सौदा चालू असेल तर मध्ये तोंड घालू नये. "हे तिकडे स्वस्त मिळतंय" हे वाक्य तिथे उच्चारायचं नाही, खरं असलं तरी. विकत घेणारा तुमच्या ओळखीचा असेल तर नंतर बाजूला घेऊन सांगा.

शिवराईचा ढीग

आता माझ्या आवडीच्या जागी येऊ. पुण्याच्या प्रदर्शनात दोन-तीन टेबलांवर तांब्याच्या शिवराई नाण्यांचा ढीग असतोच. नगावर विकतात, निवडून घ्या म्हणतात. नवीन माणसाने अर्धा तास द्यावा अशी हॉलमधली ही जागा.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. आजूबाजूच्या बहुतेक सत्तांच्या नाण्यांवर फारसी मजकूर असताना ही देवनागरी अक्षरं तांब्यावर उमटली. पुढच्या छत्रपतींनी आणि पेशवाईत ठिकठिकाणच्या टाकसाळींनी हाच मजकूर कायम ठेवला. दीडशे वर्षं शिवराई पडत राहिली, महाराजांच्याच नावाने.

म्हणून पहिला धडा: ढिगातली बहुतेक नाणी शिवाजी महाराजांच्या काळातली नसतात, पेशवाईतली किंवा त्यानंतरची असतात. "ही रायगडाची आहे, महाराजांच्या वेळची" असं सांगून दसपट भाव मागणारे भेटतील. खरोखर त्या काळची शिवराई ओळखायला अक्षरांचं वळण, वजन, ठशाची ठेवण यांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो, आणि अभ्यासकांतही मतभेद होतात. पहिल्या भेटीत ती ओळखता येणार नाही. तेव्हा तुम्हाला जी अक्षरं दिसताहेत त्यांचे पैसे द्या, सांगितलेल्या हकिकतीचे देऊ नका. पेशवाईतली म्हणून तिची किंमत माझ्या मनात कमी होत नाही. आपल्या खापरपणजीने बाजारात मीठ-मिरची घेताना मोजली असेल ती हीच.

आता ढिगात हात घाला आणि आठ-दहा शिवराया ओळीने मांडा. लगेच लक्षात येईल की एकाही नाण्यावर मजकूर पूर्ण नाही. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, शिवाय सगळं काम हातोडीच्या घावाचं. त्यामुळे कुठे 'श्री' कापली गेली, कुठे 'जा' अर्धा राहिला. दहा नाण्यांवरून तुम्ही मनात एक पूर्ण ठसा जुळवू शकता. हा खेळ एकदा खेळून बघा, मग कोणतं नाणं घ्यावं हे आपोआप कळू लागतं. ज्यावर 'राजा' आणि 'शिव' दोन्ही वाचता येतात आणि मागे निदान 'छत्र' शाबूत आहे, ते नवीन माणसासाठी उत्तम.

मग लेखनातले फरक शोधा. सगळीकडे 'शिव' नसतं. कुठे 'सिव' आहे, कुठे 'सीव'. ठसा कोरणारा कारागीर ऐकल्यासारखं कोरत असावा असं मला वाटतं. काही शिवरायांवर ओळींच्या मध्ये दोन आडव्या दांड्या असतात, ती दुदांडी शिवराई, उशिराच्या काळातली. कुठे एखादं चिन्ह, फूल किंवा ठिपक्यांची रचना दिसते, त्यावरून जाणकार टाकसाळ सांगतात. वजनही करून बघा. दोन शिवरायांत तीन-चार ग्रॅमचा फरक सहज निघतो. व्यापारी हसेल, पण रागावणार नाही. खरेदीदार अभ्यास करतोय हे त्यालाही आवडतं.

रंगाकडे बघायला विसरू नका. जुन्या तांब्यावर काळपट, तपकिरी किंवा गडद हिरवा गुळगुळीत थर चढतो. तो चांगला. गुलाबीसर, नवीन पातेल्यासारखी दिसणारी शिवराई आम्लात बुडवून काढलेली असते, ती सोडून द्या. आणि नखाने निघेल अशी फिकट हिरवी भुकटी असेल तर हातही लावू नका. कळकलेल्या पितळी भांड्यासारखा तो प्रकार, नाणं खात जातो आणि डब्यातल्या बाकीच्या नाण्यांनाही लागू शकतो.

शिवराई होन कुणी दाखवला तर बघा, डोळे भरून बघा, आणि परत द्या. खरा होन अतिशय दुर्मीळ आहे आणि त्याच्या प्रतिकृती सर्रास मिळतात. नवशिक्याने तो घेण्याचा विचारही करू नये.

मराठी रुपये हवे असतील तर अंकुशी आणि चांदोरी ही दोन नावं लक्षात ठेवा. अंकुशी रुपया पुण्याचा, त्यावर हत्तीच्या अंकुशाचं चिन्ह. चांदोरी चांदवडच्या टाकसाळीचा. गंमत अशी की पेशव्यांच्या या रुपयांवर मजकूर फारसी आहे आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं. बाजारात रुपया चालायचा तो त्या नावावर. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावरही इंग्रजांनी काही वर्षं पुण्यात अंकुशी रुपया पाडत ठेवला.

राणीछाप आणि राजाछाप

चांदीच्या रुपयांची टेबलं सर्वांत गर्दीची. इथे आकडे पाठ असलेला माणूस फसत नाही. ब्रिटिश काळच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून महायुद्धामुळे चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा. त्या दिवशीचा चांदीचा भाव मोबाइलवर बघितलात की झिजलेल्या, सगळीकडे मिळणाऱ्या रुपयाची तळाची किंमत तुम्हीच काढू शकता. व्यापारी त्यावर थोडं मागणारच, ते रास्त आहे.

लोहचुंबक इथे कामाला येतं. चांदीच्या रुपयाला ते चिकटलं तर नाणं खोटं. पण १९४७ च्या निकेलच्या रुपयाला ते चिकटलंच पाहिजे, तिथे घाबरू नका. वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्तीने कमी भरलं आणि नाणं मात्र झिजलेलं दिसत नसलं तर संशय घ्या. भिंगातून कड बघा: दातेरी रेघा एकसारख्या हव्यात. मधे शिवणीसारखी रेघ किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे असतील तर ते ओतीव नाणं, ठशाने पाडलेलं नाही.

साल जुनं म्हणजे नाणं दुर्मीळ, हा समज सोडून द्या. १८६२ सालचा रुपया दर टेबलावर दिसतो, कारण तेच साल कायम ठेवून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया खरोखर कमी आहे, आणि म्हणूनच १९३८ च्या रुपयावरचा आठाचा नऊ करून विकणारे आहेत. तो आकडा भिंगाखाली नीट बघा, प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया मागा, त्याची गोष्ट मुलांना आवडते: राजाच्या झग्यावरच्या गळपट्ट्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक बिथरले, नाणी परत घ्यावी लागली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून कोरला. दोन्ही सालांचे रुपये शेजारी ठेवून भिंगातून सोंड बघा.

सीलबंद प्लास्टिकच्या खोक्यातली, दर्जा लिहिलेली नाणीही दिसतील. त्यावरचा क्रमांक दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे तपासा. खोकीही खोटी निघतात.

भाव करताना

दुसऱ्या फेरीत पैसे काढायचे. सौदा करण्यात कमीपणा नाही, पण त्याची एक रीत आहे. नाण्यातले दोष मोठ्याने सांगून भाव पाडायला जाऊ नका. "काका, यात शेवटचं किती होईल?" असं विचारा. एकाच ठिकाणी चार-पाच नाणी घेतलीत तर भाव आपसूक खाली येतो. सांगितलेला भाव झेपत नसेल तर "थोडं फिरून येते" म्हणून निघा, त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही. पण भाव ठरला, माणूस "घ्या" म्हणाला, की मागे फिरायचं नाही. हे जग लहान आहे, पुढच्या वर्षी तीच माणसं तुम्हाला नावाने ओळखणार आहेत.

शंभर-दोनशेच्या नाण्याला पावती कुणी देत नाही. मोठी रक्कम असेल तर मात्र बिल मागा, त्यावर नाण्याचं वर्णन आणि वजन लिहून घ्या, आणि खोटं निघाल्यास परत घेणार का ते आधीच विचारा. प्रामाणिक व्यापारी या प्रश्नाला लगेच हो म्हणतो. जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका. होल्डरवर पेन्सिलीने भाव आणि तारीख लिहा.

डबा विकायला आणलेल्यांसाठी

दर प्रदर्शनात कुणीतरी मोठ्या आशेने पाच रुपयांचं वैष्णोदेवीचं नाणं किंवा ७८६ आकड्याची नोट घेऊन येतं. मोबाइलवर पाहिलेलं असतं की याला लाखो मिळतात. मिळत नाहीत. वैष्णोदेवीचं नाणं चलनात भरपूर आलं होतं. जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी नोंदणीची फी किंवा कर भरायला सांगणारे लोक पैसे लुबाडतात. यात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जात होतं, म्हणून बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही. तांदूळ स्वतःकडे ओढणारं, दैवी शक्तीचं म्हणून विकलं जाणारं नाणं हा तर सरळ सरळ दरोडा आहे, त्यात लोकांनी घरं गमावली आहेत. कुणी तसलं काही सुचवलं तर बोलणंच थांबवा.

१८१८ साल घातलेलं, हनुमान किंवा रामदरबाराचं चित्र असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं 'नाणं' पुष्कळ देवघरांत आहे. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. तो नंतर कुणीतरी बनवलेला टोकन आहे. देवघरात असेल तर असू द्या, त्याची पूजा करायला काहीच हरकत नाही, फक्त ते विकत घेऊ नका.

खरोखर विकायचं असेल तर आधी तीन टेबलांवर नुसतं ओळखून घ्या, भाव शेवटी विचारा. व्यापारी विकताना सांगतो त्याच्या बराच खाली घेताना सांगतो. त्याला भाडं, प्रवास आणि वर्षानुवर्षं पडून राहणारा माल सांभाळायचा असतो.

कायद्याच्या चार गोष्टी

शेतात नांगरताना किंवा वाडा पाडताना नाणी सापडली तर ती आपोआप आपली होत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. "परवाच शेतात निघालीत" असं कुणी कुजबुजत सांगितलं तर ते तुमच्यासाठी आमिष नाही, निघून जाण्याची खूण आहे. अभ्यासाच्या दृष्टीनेही असा विस्कटलेला साठा म्हणजे फाडलेलं पान. जोगळटेंभीचा साठा एकत्र राहिला म्हणून त्यातून एवढा इतिहास कळला.

अमेरिकेत किंवा दुबईत राहणारे नातेवाईक सुट्टीत आले की त्यांना शिवराई भेट द्यावीशी वाटते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. त्यांना ज्ञानेश्वरांचा रुपया द्या.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा संग्रहासाठी ठेवायच्या तर कायद्याने जास्तीत जास्त पंचवीस.

घरी आल्यावर

नाणं धुऊ नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको, दात घासायची पेस्ट तर नकोच. आपल्याकडे भांडी लखलखीत ठेवण्याचं वळण आहे आणि नाण्यांचं सर्वांत जास्त नुकसान याच वळणाने केलं आहे. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, पाणी बदला, मऊ कापडावर टिपून घ्या. घासू नका.

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवली की काही महिन्यांत त्यांवर हिरवा चिकट थर धरतो. पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, तिथेच प्रदर्शनात मिळतात. पिना मात्र आडव्या दाबून टाका, नाही तर एकाची पिन दुसऱ्याला ओरखडते. तांब्याची आणि चांदीची नाणी वेगळ्या डब्यांत. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर डब्यात ओलावा शोषणारी सिलिकाची पुडी हवीच, आणि महिन्यातून एकदा झाकण उघडून बघा.

नजर आणखी तयार करायची असेल तर पुढच्या प्रदर्शनाची वाट बघत बसू नका. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, परमेश्वरीलाल गुप्त यांनी उभी केलेली, तिचंही संग्रहालय आहे. दर्शनाला जाणारी किती कुटुंबं त्या फाट्यावरून न थांबता पुढे जातात.

रात्री जेवणं आटोपली की टेबलावर पांढरा कागद पसरून दिवसाची खरेदी मांडा. प्रत्येक नाण्याची वहीत नोंद करा: कुठे घेतलं, कितीला, वजन किती, अक्षरं कोणती दिसतात. दिवा एका बाजूला तिरपा धरलात की हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये न दिसलेली अक्षरं वर येतात. माझ्या पहिल्या शिवराईवर दुकानदाराने 'शिव' लिहून दिलं होतं. त्या रात्री तिरप्या उजेडात मी ते दोनदा वाचलं, मग मुलीला वाचायला दिलं. तिने बोट न लावता, कडेने धरून वाचलं, "आई, हे सिव आहे." वहीत तिच्याच अक्षरात तशी नोंद आहे.